बेथेलची शिडी

मराठवाड्यातील गावांची नावे बहुधा झाडांवरून, ओढ्यांवरून किंवा ग्रामदैवतांवरून पडलेली असतात. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात वसविलेल्या एका ख्रिस्ती वसाहतीचे नाव मात्र दूरच्या पॅलेस्टाइनमधून आले, आणि तेही घर सोडून पळालेल्या एका माणसाला पडलेल्या स्वप्नातून. ते नाव म्हणजे बेथेल. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ 'देवाचे घर' असा आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात त्याची कथा येते. थोरल्या भावाच्या रागाला भिऊन याकोब रानोमाळ निघाला होता. वाटेत सूर्य मावळला, तेव्हा जवळचा एक धोंडा उशाशी घेऊन तो उघड्यावरच निजला. स्वप्नात त्याला पृथ्वीवर टेकलेली आणि आकाशाला भिडलेली एक शिडी दिसली. तिच्यावरून देवदूत चढत-उतरत होते. सकाळी उठून त्याने उशाचा धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि त्या जागेला बेथेल असे नाव दिले. या कथेतील एक गोष्ट सहसा नजरेआड होते. शिडी दिसली म्हणून याकोब काही तिच्यावर चढून गेला नाही. तो उठला आणि पुढच्या मजलीला लागला.

जालन्याच्या माळावर हे नाव आणणारे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुळात जन्मलेले व मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्यांचा बारा-एक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. पुढे श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत जो वाद माजला, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला व त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात हे प्रकरण जांभेकरांच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्या थोरल्या भावाला परत यावयाचेच नव्हते, त्याच्या बाजूने त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

त्या काळी उच्चवर्णीय घरातील तरुणाने धर्मांतर करणे म्हणजे काय होते, हे 'घटस्फोट' या शब्दावरून ध्यानात यावे. आज आपण हा शब्द काडीमोडाच्या अर्थाने वापरतो. मूळ धर्मशास्त्रात तो पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी आहे. माणूस जिवंत असताना त्याच्या नावाने मृताचा विधी करावयाचा, पाण्याने भरलेला घडा दासीकडून पायाने लवंडवावयाचा, आणि त्या क्षणापासून तो माणूस आपल्यापुरता मेला असे समजावयाचे. हा विधी प्रत्येक धर्मांतरिताच्या वाट्याला अक्षरशः आला असेल असे नाही. परंतु त्यामागील भावना सर्वांच्याच वाट्याला आली. पौल रोमकरांस लिहिताना बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि नव्या जीवनात उठणे म्हणतो. लंडन-एडिंबरोच्या सुखवस्तू वाचकाला हे एक सुंदर रूपक वाटले असेल. मुंबई-पुण्याच्या धर्मांतरिताला ते घरात घडलेल्या गोष्टीचे वर्णन होते. तो आधी मेला होता. उठणे तेवढे उरले होते. त्यामुळे मरणोत्तर जीवनाची आशा ही त्याच्या श्रद्धेची शेवटची पायरी न राहता पहिली पायरी बनली. ती नसती, तर मागे फिरण्याखेरीज दुसरी वाट नव्हती.

१८५४ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने शेषाद्रींना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली आणि १८६० च्या दशकात ते त्या वेळच्या निजामाच्या राज्यातील जालना भागात काम करू लागले. दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर बेथेल उभे राहिले. येथे येऊन वसलेले लोक शेषाद्रींच्या जातीचे नव्हते. ते बहुतांशी मांग समाजातील होते. म्हणजे गावगाड्यात दोर वळणारे, वाजंत्री वाजविणारे आणि वेशीबाहेर राहणारे. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शेषाद्री बोलले, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना एका ब्राह्मण ख्रिस्त्याचे कौतुक वाटले. खरे आश्चर्य मात्र जालन्यात होते: एक ब्राह्मण आणि अनेक मांग कुटुंबे एकाच माळावर एकाच पुस्तकातून मरणाविषयी आणि मरणानंतरच्या आयुष्याविषयी बोलत होती.

ही कुटुंबे कशासाठी आली? जमिनीसाठी, पोटासाठी, गावच्या जाचापासून आसरा मिळावा म्हणून, असे उत्तर टीकाकारांनी दिले आहे. ते खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. उपाशी माणसाने भाकरी आणि स्वर्ग यांची दोन वेगवेगळी गाठोडी बांधावीत, ही अपेक्षा भरल्या पोटी केलेली असते. मात्र नुसत्या जमिनीने या प्रश्नाचा उलगडा पुरता होत नाही. जमीन इतरांनीही दिली असती तर माणसे गेली असती; परंतु ती ज्या श्रद्धेला पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिली, तिच्यात त्यांना आणखी काही सापडले असले पाहिजे.

ते काय असावे, हे समजण्यासाठी दोन शब्दांतला फरक पाहावा लागतो: पुनर्जन्म आणि पुनरुत्थान. उच्चाराने हे शब्द भावंडांसारखे वाटतात, पण त्यांचे गोत्र वेगळे. पुनर्जन्मात जीव एक देह टाकून दुसरा घेतो आणि कोणता देह मिळावा हे पूर्वकर्मावर ठरते. या विचारातील खोली नाकारण्याचे कारण नाही. तुकोबांनी तर मोक्षापेक्षा पुन्हा जन्म घेऊन भक्ती करणे पसंत केले. परंतु हाच विचार वेशीबाहेरच्या माणसाला सांगितला जाई तेव्हा त्याचा अर्थ असा निघे की, तुझी आजची अवस्था हे तुझेच फळ आहे. पुनरुत्थानाची कल्पना निराळी आहे. तीत माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि देव त्याला, त्यालाच, त्याच्या नावाने हाक मारून उठवितो. तीही नुसत्या आत्म्याची कथा नाही. अनेक ग्रीक तत्त्ववेत्ते देहाला आत्म्याचा तुरुंग समजत. म्हणूनच अथेन्समध्ये पौल मेलेल्यांच्या उठण्याविषयी बोलू लागताच काही श्रोते हसले. आत्मा अमर आहे असे तो म्हणाला असता, तर निदान काहींनी माना डोलाविल्या असत्या. ख्रिस्ती मतसारात मात्र देहाचे पुनरुत्थान असे स्पष्ट म्हटलेले आहे. ज्या देहाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, तोच देह देवाला हवा आहे, तो मातीत टाकून दिला जाणार नाही, ही वार्ता मांगवाड्यात कोणत्या कानांनी ऐकली गेली असेल याची कल्पना करावी. तेथे परलोकाची आशा आणि इहलोकीची प्रतिष्ठा या दोन गोष्टी उरल्याच नाहीत.

योगायोग असा की, मृत्यूचा विचार या मातीला नवा नव्हता. आजच्या जालना जिल्ह्यातीलच जांब गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला आणि त्यांच्या दासबोधात तिसऱ्या दशकाचा नववा समास मृत्युनिरूपणालाच वाहिलेला आहे. मृत्यू थोर-लहान, राजा-रंक पाहत नाही, हे सांगण्यात समर्थांनी कसर ठेवली नाही. त्या उपदेशाचा रोख माणसाला जागे करण्याकडे आहे. बेथेलमध्ये आलेला उपदेश त्याच्यापुढे एक वेगळा प्रश्न ठेवतो: मृत्यू सर्वांना गाठतो हे खरे, पण शेवटचा शब्द त्याचाच का?

या प्रश्नावर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात दीर्घ विवेचन केले आहे. मेलेले कसे उठविले जातील व कोणत्या देहाने येतील, असे विचारणाऱ्याला तो शेतकऱ्याकडे पाहावयास सांगतो. पेरलेले बी मेल्यावाचून जिवंत होत नाही. आणि उगवते तेव्हा ते पेरल्यासारखा दाणा न राहता निराळ्या रूपाने वर येते. जालन्यात हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज पडू नये. याच शहरात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी म्हणजे 'महिको' सुरू केली, संकरित बियाण्यांच्या व्यापारात जालन्याचे नाव देशभर केले आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यावर जगणाऱ्या या गावातील विज्ञानाचा शिक्षक येथे हरकत घेईल की, बी काही मरत नाही; ते सुप्त असते, ओल मिळताच त्यातील अंकुर जागा होतो, आणि जे खरोखर मेलेले असते ते उगवतच नाही. हरकत बरोबर आहे. पौल वनस्पतिशास्त्र शिकवीत नव्हता. आणि पुनरुत्थान हे बीजासारखे निसर्गनियमाने घडते असेही त्याला म्हणावयाचे नव्हते. उगवण्याची शक्ती मृताच्या अंगी नसून देवाच्या ठायी आहे, यावरच त्याचा सारा भर आहे. म्हणूनच या आशेला पुरावा मागणाऱ्याला ख्रिस्ती मनुष्य प्रयोगशाळेत नेऊ शकत नाही. तो त्याला एका रिकाम्या कबरेच्या साक्षीकडे नेतो. ती साक्ष मानावी की न मानावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

परंतु या अध्यायातील अधिक लक्ष देण्याजोगी जागा त्याच्या अखेरीस आहे. एवढे पुनरुत्थान, शेवटचा कर्णा, मृत्यूचा मोडलेला डंख यांविषयी बोलून झाल्यावर पौल स्वर्गाचे वर्णन करीत बसत नाही. तो वाचकांना स्थिर व अढळ राहण्यास आणि प्रभूच्या कामात झटण्यास सांगतो, कारण त्यांचे श्रम व्यर्थ जाणार नाहीत. मृत्यूवरील विजयाच्या एवढ्या मोठ्या वाक्यांनंतर निष्कर्ष निघतो तो कामाचा. अढळ श्रद्धा नावाची जी गोष्ट प्रवचनांतून इतकी ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे. ती मन घट्ट करून आणावयाची वस्तू नव्हे. केलेले काम मातीला मिळणार नाही हा भरवसा असला म्हणजे माणूस काम मध्येच टाकून देत नाही; त्या न टाकण्यालाच अढळपणा म्हणावयाचे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात याच आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. मूळ अर्थ गलबताचा नांगर. जालन्यापासून समुद्र फार दूर. तेथे नांगर म्हटले की काळ्या रानाचे ढेकूळ फोडणारे अवजारच डोळ्यांसमोर येणार. भाषेने केलेली ही गंमत व्यर्थ नाही. एक नांगर जहाजाला जागेवर धरून ठेवतो आणि दुसरा जमीन पेरणीसाठी उलथून टाकतो. ज्या आशेने यांपैकी एकच काम केले, तिच्याविषयी शंका घेणे रास्त ठरेल.

आणि तशी शंका घेतली गेलीच आहे. परलोकाचे गाजर दाखवून इहलोकीचा अन्याय सोसावयास लावणे हाच सर्व धर्मांचा धंदा आहे, ही मार्क्सची टीका महाविद्यालयातील प्रत्येक पिढी नव्याने शिकते. तिच्यातील सत्य ख्रिस्ती समाजाने तरी झटकून टाकू नये. मृताच्या दारात उभे राहून नरकाचे भय घालणारे उपदेशक येथेही झाले. आईच्या प्रेतापाशी रडणाऱ्या मुलीला, ती प्रभूच्या घरी गेली, रडतेस काय, असे दरडावणारेही झाले. ही आशा नव्हे. ही आशेची भाषा वापरून केलेली जबरदस्ती आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानी गावच्या लाजाराची गोष्ट आहे. आपण त्याला थोड्याच वेळात उठविणार हे येशूला ठाऊक होते, तरीही त्याच्या बहिणीचे अश्रू पाहून तो स्वतः रडला. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौलानेही शोक करू नका असे म्हटलेले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे त्याचे म्हणणे आहे. शोकाला जागा न देणारी आशा ख्रिस्ताच्या मापाने आखूडच भरते.

या आशेने इहलोक विसरायला लावला की त्यात राबायला लावले, याचा निवाडा माणसांच्या आयुष्यांवरूनच करावा लागेल, आणि महाराष्ट्रात त्यासाठी साक्षीदारांची वाण नाही. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील व थोरली बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. ख्रिस्ती झाल्यावरही मृत्यूने त्यांची पाठ सोडली नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिने निजामाच्याच राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली होती व जिच्यावर केडगावच्या मुक्तिसदनाचा पुढचा भार पडावयाचा होता, ती १९२१ मध्ये चाळिशीतच आईच्या आधी गेली. रमाबाई स्वतः खंगलेल्या होत्या. त्यांच्यापुढे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे साध्या मराठीत, अडाणी बाईलाही कळेल असे भाषांतर करण्याचे काम होते. त्या ते करीत राहिल्या. मुद्रितांचा अखेरचा हात फिरवून होतो न होतो तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुलीनंतरचे ते आठ-नऊ महिने रमाबाईंच्या चरित्रात थोडक्यात उरकले जातात. वास्तविक त्यांच्या श्रद्धेविषयी सर्वांत जास्त तेच महिने बोलतात.

दुसरी साक्ष टिळक दांपत्याची. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने देह अग्नीला द्यावा, हे काहींना विसंगत वाटेल. पण ज्याने मातीतून माणूस घडविला त्याला राखेची अडचण कोणती, असा त्यातला साधा भाव आहे. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंना शिक्षण असे मिळालेले नव्हते. मिशनच्या आधाराचाही भरवसा नव्हता. त्यांनी पतीचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे चालविले आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हा काव्याचा शेवट करणे मुलगा देवदत्त यांच्याकडे आले. एका माणसाचे काम तीन माणसांनी पुरे केले. 'स्मृतिचित्रे' वाचताना वाचक मृत्यूच्या प्रसंगांनंतर पुन्हा हसू लागतो, याचे श्रेय टीकाकार लक्ष्मीबाईंच्या विनोदबुद्धीला देतात. त्या विनोदामागे आपली माणसे हरवलेली नाहीत हा विश्वासही उभा आहे, हे नोंदवावयाचे राहून जाते.

रमाबाई आणि टिळक यांची नावे राहिली. बेथेलच्या शेतकऱ्यांची राहिली नाहीत. शेषाद्री १८९१ मध्ये गेले, निजामाचे राज्य १९४८ मध्ये गेले, १९७० मध्ये निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या शेतकऱ्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या श्रद्धेची कसोटी आता रणांगणावर किंवा वधस्तंभावर होत नाही. ती तहसील कचेरीच्या खिडकीशी होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या मातंगाला तो आजही नाही. वेशीबाहेरचे जिणे आजोबांनी भोगले, त्याची आठवण गावाने पुसलेली नाही, चर्चच्या बाकांवरूनही जात पुरती उठून गेलेली नाही. परंतु कागदावर ती गेली असे धरण्यात येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहावे, या प्रश्नावर मुलाची शिष्यवृत्ती आणि पुढे नोकरी अवलंबून असते. काही कुटुंबे कागदावर एक लिहितात व रविवारी दुसरीकडे जातात. त्यांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे. ज्यांच्या पोटाला कधी हा प्रश्न पडला नाही त्यांनी ते म्हणण्याची घाई करू नये. पण सरळ 'ख्रिस्ती' असे लिहून, त्याची किंमत दर पिढीला मोजणारी घरेही आहेत, आणि ती काही अडाणी नाहीत. हिशेब त्यांनाही येतो. त्यांनी तो एका आयुष्यापुरता मांडलेला नाही, इतकेच.

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत कोणी कैलासवासी होतो, कोणी वैकुंठवासी, कोणी पैगंबरवासी. ख्रिस्ती माणसासाठी 'ख्रिस्तवासी' हा शब्द याच घाटावर घडला. त्यात जागेच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव आहे. मरणानंतर माणूस कोठे जातो या प्रश्नाला या श्रद्धेने दिलेले उत्तर 'कोठे' याविषयी फारसे काही सांगत नाही, 'कोणाजवळ' एवढे मात्र ते सांगते. म्हणून पुनरुत्थानाच्या रविवारी पुष्कळ ठिकाणी मराठी ख्रिस्ती मंडळी पहाटेच्या अंधारातच दफनभूमीकडे जातात. आदल्या दिवशी कबरांवरचे गवत काढलेले असते, चुना फासलेला असतो. फुले ठेवली जातात, मेणबत्त्या लागतात, गीते होतात, उजाडते. त्या दिवशी घरात गोडधोड होते. दुसऱ्या दिवशी सोमवार. मुलांची परीक्षा जवळ आलेली असते, कचेरीत मार्चअखेरीची बाकी निस्तरावयाची असते, आणि ज्यांची शेती आहे त्यांची उन्हाळी नांगरट सुरू व्हावयाची असते.